परभाषेच्या मुलखातील सहल

(नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोठ्या शहरांतील काही शाळांत हल्ली स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच अशा परकीय भाषा शिकविल्या जातात, आणि त्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस त्या त्या देशी सहलीस नेण्याचा प्रघातही पडू लागला आहे. स्पेन देशात सालामांका नावाचे एक जुने नगर आहे. तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. जगभरातून स्पॅनिश शिकू इच्छिणारे विद्यार्थी या नगरात येतात आणि त्यांपैकी पुष्कळांची राहण्याची सोय गावातील कुटुंबांतून केली जाते. सकाळी वर्ग होतो, परंतु खरा अभ्यास दुपारी जेवणाच्या टेबलावर सुरू होतो. यजमानीण बाईंस पाहुण्याची भाषा येत नसते आणि पाहुण्यास त्यांची भाषा अर्धीमुर्धीच येत असते. मीठ कमी असेल तर ते मागावे लागते, रात्री उशीर होणार असेल तर तसे सांगावे लागते. शब्द चुकतो, बाई हसतात, सुधारून देतात. आणि तो शब्द विद्यार्थी पुन्हा जन्मात विसरत नाही.

हे ऐकून मौदा किंवा भिवापूर तालुक्यातील एखाद्या दोनशिक्षकी शाळेचे गुरुजी मनात म्हणतील की, सालामांका राहिले स्पेनमध्ये. इथे पोरांना नागपूरचा अजब बंगला दाखवावयाचा तरी एस.टी.च्या भाड्याची पंचाईत आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तथापि या परदेशी सहलींत जे सार आहे ते पैशाने विकत मिळणारे नव्हे, आणि ज्यास ते हवे असेल त्यास विमानात बसावे लागत नाही. नागपूर जिल्ह्याची उत्तर सीमा हीच राज्याचीही सीमा आहे. सावनेरहून निघालेली मोटार तासाभराच्या आतबाहेर मध्य प्रदेशात पोहोचते. मराठी शाळांतील मुले पाचवीपासून जी हिंदी पुस्तकातून शिकतात, ती हिंदी घरीदारी बोलणारी माणसे इतक्या जवळ आहेत, आणि तरीही बहुतेक शाळांच्या सहली त्या दिशेस जातच नाहीत.

वास्तविक हिंदीच्या शिक्षणाशी या भागाचा संबंध जुना आहे. हिंदी ज्यांची मातृभाषा नाही अशांस ती शिकवावी या हेतूने राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली वर्ध्यास स्थापन झाली. पहिले विश्व हिंदी संमेलन १९७५ च्या जानेवारीत नागपुरासच भरले. आणि आता तर सिनेमा, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांमुळे खेड्यातील मुलाच्या कानी रोज हिंदी पडते. मग अडते कोठे? अडते ते जिभेवर. सातवीतील मुलास हिंदी चित्रपटातील संवाद तोंडपाठ येतो, परंतु परक्या माणसाने "बेटा, कहाँ से आए हो?" असे विचारले की तो गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागतो. कान तयार झाला, जीभ झाली नाही. वर्गात ती होणेही कठीण, कारण वर्गात हिंदी बोलण्याची खरी गरजच नसते. गुरुजी मराठी, मुले मराठी, आणि मध्ये हिंदीचे पुस्तक.

आता नेहमीची सहल डोळ्यांपुढे आणावी. पहाटे पाचला शाळेपुढे मोटार उभी राहते. पंचेचाळीस मुले, चार शिक्षक, डब्यांच्या पिशव्या. दिवसभरात सात ठिकाणे पाहावयाची असतात. प्रत्येक ठिकाणी उतरणे, रांग लावणे, मोजणे, पुन्हा चढणे. तिकिटे गुरुजी काढतात, वाट गुरुजी विचारतात, चहाचे पैसे गुरुजी देतात, आणि पहारेकऱ्याशी हुज्जतही गुरुजीच घालतात. मुले आपसांत मराठीत बोलतात व मोटारीत गाणी म्हणतात. अशी सहल काशीस नेली तरी मूल मराठीच्या एका बंद पेटीत बसून गेले आणि त्याच पेटीत बसून परत आले. गंगा पाहिली हे खरे, पण गंगेकाठच्या एकाही माणसाशी ते बोलले नाही. दोष शिक्षकांचा नाही. पंचेचाळीस मुले सुखरूप परत आणावयाची या एकाच चिंतेने त्यांचा दिवस जातो. पण सहलीचा उद्देश भाषा हा असेल, तर आखणीचा क्रमच उलटा केला पाहिजे. कोणती ठिकाणे पाहावयाची हा प्रश्न मागाहून घ्यावा. मूल कोणाशी बोलेल आणि कशासाठी बोलेल, हे आधी ठरवावे.

या दृष्टीने छिंदवाड्याची बाजू नागपूर जिल्ह्यास फार सोयीची आहे. हा मुलूख परका नव्हे, हे मुलांस आरंभीच सांगावे. छिंदवाडा जिल्ह्यात मोहखेडच्या बाजूस देवगड नावाचा डोंगरी किल्ला आहे. छिंदवाड्याहून तो सुमारे ४० किलोमीटरवर पडतो. गोंड राजांची ती राजधानी. तेथील राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर शहर वसविले. त्याच्या मागून चांद सुलतानाने राजधानीच देवगडहून नागपुरास आणली. पुढे भोसल्यांचे राज्य झाले, १८५४ साली ते इंग्रजांनी खालसा केले; आणि त्यानंतर मध्य प्रांतात नागपूर व छिंदवाडा एकाच सरकारखाली राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा कोठे या दोन जिल्ह्यांमधून राज्याची सीमा गेली. म्हणजे नागपूरच्या मुलाने देवगडास जाणे हे आपल्या शहराच्या आजोळी जाण्यासारखे आहे. नागपूरचा इतिहास शिकविताना शिक्षक महालापासून सुरुवात करतात. तो इतिहास ज्या डोंगरावरून खाली उतरला तो डोंगर मुलांनी पाहिलेला नसतो.

वाटेतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण येथे पाहण्यापेक्षा ऐकण्यास महत्त्व द्यावे. राज्याची सीमा ओलांडल्याबरोबर पाट्या बदलतात, भाषा मात्र बदलत नाही. सौंसर, पांढुर्णा या भागात घरोघर मराठी बोलली जाते. संत्र्याचे बगीचे काटोल-नरखेडसारखेच दिसतात. मुलांस याचे नवल वाटते, कारण भूगोलाच्या नकाशात प्रत्येक राज्याचा रंग निराळा असतो आणि भाषाही रंगाप्रमाणे एका रेषेवर बदलत असावी अशी त्यांची समजूत असते. सौंसरच्या स्थानकावर मोटार दहा मिनिटे थांबवून मुलांस नुसते ऐकू द्यावे. एकच दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी हिंदीत बोलतो, हे त्यांच्या ध्यानात येईल. पुढे घाट चढून गेल्यावर हिंदीचे प्रमाण वाढत जाते. छिंदवाडा या नावाचेच पाहावे. छिंदाची झाडे फार, म्हणून हे नाव पडले असे मानतात. छिंद म्हणजे मराठीतील शिंदी. झाड तेच, शब्दही बहुधा तोच, फक्त सातपुडा चढताना त्याचा उच्चार बदललेला दिसतो. नागपूरहून छिंदवाड्यास जाणारी छोटी रेल्वे २०१५ साली बंद झाली. आता रुंद रुळांवरून इतवारीहून गाडी जाते. ज्या शाळेस रेल्वे सोयीची असेल तिने रेल्वेच निवडावी. मोटारीत मूल आपल्याच वर्गासोबत बसते, रेल्वेत समोरच्या बाकावर अनोळखी कुटुंब असते.

तयारी सहलीच्या आधी निदान तीन महिने सुरू झाली पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे त्या बाजूची एक शाळा गाठावी. तेथील मुख्याध्यापकांस पत्र लिहून सातवीच्या वर्गाशी सातवीच्या वर्गाची ओळख जोडून द्यावी. प्रत्येक मुलाने एकेका मुलास हिंदीत पत्र लिहावे: नाव, गाव, घरातील माणसे, शेतात काय पिकते, शाळेत काय आवडते. ही पत्रे शिक्षकांनी पुसून, सुधारून, गुळगुळीत करू नयेत. समजण्यापुरती चूक दुरुस्त करावी, बाकीची राहू द्यावी. कारण तिकडून येणारे उत्तरच त्या चुकीचे खरे दुरुस्तीपत्रक असते. आज निरोप क्षणात पोहोचविण्याची साधने प्रत्येक गावी आहेत, तरीही या कामास कागदाचे पत्रच अधिक चांगले. ते मूल घरी नेते, आईस वाचून दाखविते, जपून ठेवते. जर्मनी व फ्रान्स या दोन देशांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी युद्धे केली. १९६३ साली त्यांनी मैत्रीचा करार केला, तेव्हा दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक स्वतंत्र संस्था त्याच वर्षी उभारली. तेव्हापासून तेथील लक्षावधी मुले एकमेकांच्या गावी जाऊन राहून आली आहेत. आपल्याकडे साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आंतरभारतीची कल्पना मांडली तीही याच जातीची होती. एका प्रांताच्या मुलाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी आणि त्या प्रांताच्या माणसांवर प्रेम करावे, असे त्यांना वाटे. गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या गोष्टी शाळाशाळांतून वाचल्या जातात, पण ही कल्पना मात्र भाषणांतच अधिक राहिली.

दुसरी तयारी भाषेची. मराठी व हिंदी या बहिणी असल्यामुळे त्यांच्यातील फसवे शब्द फार आहेत आणि नेमके तेच पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत. मोटारीत कोणी म्हणाले, "सीट खाली है," तर मराठी मूल सीटच्या खाली वाकून पाहते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे काय ते मुलांस सांगावे लागत नाही. "हमारे स्कूल में अच्छी शिक्षा मिलती है" हे वाक्य ऐकून ती एकमेकांकडे पाहून हसतात. हिंदीतील चेष्टा हा प्रयत्न असतो आणि मराठीतील चेष्टा ही थट्टा. मराठीतील संसार घरापुरता असतो, तर हिंदीतील संसारात सारे जग मावते. सही म्हणजे इकडे स्वाक्षरी आणि तिकडे बरोबर. अशा शब्दांची एक वही मुलांनीच करावी. शिक्षकांनी फळ्यावर यादी लिहून दिली तर ती पाठ होते. मुलाने स्वतः फसून मिळविलेला शब्द अंगी लागतो.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. नागपूरकडचे मूल "तो काय करून राहिला?" असे म्हणते, आणि शिक्षक त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढतात. प्रमाण मराठी लिहावयास शिकविणे हे शिक्षकांचे कर्तव्यच आहे. पण हिंदीच्या तासास तीच तांबडी रेघ पुसून टाकावी. "कर रहा है" ही हिंदीची रचना या मुलाच्या बोलीत आधीच बसलेली आहे. पुण्याच्या मुलास जी रचना पाठ करावी लागते ती वऱ्हाड-नागपूरचे मूल घरून घेऊन येते. हे त्यास सांगावे. स्वतःच्या बोलीची लाज वाटणारे मूल दुसऱ्याची भाषा मोकळेपणाने बोलत नाही.

आदराच्या शब्दांबाबत मात्र काटेकोर असावे. मराठीतील तुम्ही हे हिंदीत तुम होईल अशी मुलांची समजूत असते आणि म्हणून ती वडीलधाऱ्या माणसास अगदी सद्भावनेने "तुम" म्हणतात. शिवाय मराठी घरात आईस, आजीस तू म्हणणे हे प्रेमाचे लक्षण असते. अनोळखी हिंदी भाषक आजीबाईंस "तू" म्हटले तर तो अपमान ठरतो. आप हा शब्द आणि त्याबरोबरची क्रियापदे तोंडात बसेपर्यंत रोज घोटून घ्यावीत. तिकडच्या बोलण्यात "हम"च्या ऐवजी "अपन" ऐकू येईल, ते ऐकून मुले गोंधळतील. पुस्तकातील हिंदी ही शाळेची हिंदी आहे आणि गावाची हिंदी निराळी असू शकते, हेही आधीच सांगून ठेवावे. त्यांच्या स्वतःच्या मराठीवरून हे त्यांस चटकन पटेल.

आता सहलीस कोण जाणार या प्रश्नाकडे वळावे, कारण पुष्कळ शाळांत तो प्रश्न पैशानेच सुटतो. ज्याच्या बापाने पैसे भरले तो जातो. डिसेंबर-जानेवारीत कापसाच्या वेचणीचा हंगाम असतो. ज्या घरी आईबाप दोघे मजुरीस जातात त्या घरचे मूल वर्गात खाली मान घालून "मला यायचं नाही" म्हणते, आणि शिक्षक ते खरे मानतात. प्रत्यक्षात त्याने घरी विचारलेलेही नसते. अशा मुलाचे नाव सर्वांदेखत वाचू नये आणि वर्गणी कोणी दिली, कोणी नाही, याची यादी भिंतीवर लावू नये. शाळा व्यवस्थापन समितीपुढे प्रश्न ठेवावा. मोठी सहल परवडत नसेल तर ती लहान करावी, दोन मुक्कामांऐवजी एक करावा, सात ठिकाणांऐवजी दोन पाहावीत. पण वर्गातील एकही मूल पैशासाठी मागे राहणार नाही असाच आकडा काढावा. एस.टी. महामंडळ शालेय सहलींस भाड्यात सवलत देते व रेल्वेकडेही विद्यार्थ्यांसाठी सवलती आहेत. परराज्यात गाडी नेण्याच्या अटी आगारात लेखी विचाराव्यात, तोंडी उत्तरावर विसंबू नये. मुलींच्या बाबतीत पैशाहून वेगळी अडचण असते. मुक्काम म्हटला की घरून नकार येतो. तेथे चिठ्ठी पाठवून भागत नाही. शिक्षिकेने स्वतः घरी जावे, कोठे निजावयाचे, कोण सोबत असेल, हे आईस सांगावे आणि शक्य असेल तर एखाद्या मुलीच्या आईसच सोबत घ्यावे. मग बाकीच्या घरांतील नकार बहुधा मावळतो.

पैशाहूनही अधिक विचार ज्या मुलाचा करावा असे एक मूल आणखी असते. नागपूर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर, संत्र्याच्या बगीच्यांत व कापसाच्या शेतांत मध्य प्रदेशातून कामास येणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांची मुले मराठी शाळेत बसतात. मराठी नीट येत नाही म्हणून ती मागच्या बाकावर जातात. उत्तर ठाऊक असून बोलत नाहीत, कारण बोलले की वर्ग हसतो. गोंड घरच्या एखाद्या मुलाचेही असेच असते. त्याच्या घरी गोंडी बोलली जात असेल तर मराठी ही त्याची दुसरी भाषा असते आणि हिंदी तिसरी, पण हजेरीपटात या कर्तबगारीची नोंद कोठेच नसते. या सहलीत अशा मुलांस मानाचे काम द्यावे. ज्याच्या घरी हिंदी बोलली जाते त्याच्याकडून वर्गाने तीन महिने बोलणे शिकावे. "हे आपल्याकडे कसे म्हणतात, रामदीनला विचारा" असे गुरुजी भर वर्गात म्हणतील, मग त्या मुलाचे नाव रामदीन असो की दुसरे काही, त्या दिवसापासून त्याचा बाक बदललेला असेल. आणि देवगडाच्या डोंगरावर उभे राहून हे राज्य गोंडांचे होते, नागपूर गोंड राजाने वसविले, हे शिक्षकांनी सांगितले म्हणजे गोंड घरच्या मुलाने त्या वेळी कोठे पाहिले ते शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाकडे एक प्रश्न असावा, आणि तो असा असावा की त्याचे उत्तर गुरुजींनाही ठाऊक नाही. ही अट महत्त्वाची आहे. ज्याचे उत्तर गुरुजींस ठाऊक आहे तो प्रश्न म्हणजे परीक्षा. मूल माणसास न विचारता गुरुजींच्या चेहऱ्यावरून उत्तर काढते. देवगडच्या परिसरात आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या अशी दंतकथा लोक सांगतात. बावडी म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी विहीर, मराठीतील बारव. एका गटाने गावातील वृद्धांकडून त्यांच्या आठवणीतील बावड्यांची नावे मिळवावीत. दुसऱ्याने मक्याचे विचारावे. छिंदवाड्याकडे मका फार होतो. तो केव्हा पेरतात, भाकर करतात की विकून टाकतात, भाव कोण ठरवितो, हे शेतकऱ्याच्या मुलाने शेतकऱ्यास विचारले म्हणजे संभाषण आपोआप लांबते, कारण दोघांनाही त्यात रस असतो. तिसऱ्या गटाने आठवडी बाजारात जाऊन वर्गासाठी पेरू किंवा फुटाणे घ्यावेत. ठरलेले पैसे द्यावेत, हिशेब आणावा, घासाघीस करून वाचलेले पैसे गटाचे. शिक्षकाने दहा पावले मागे उभे राहावे आणि, हेच फार कठीण आहे, मधे बोलू नये. मूल अडखळले की शिक्षकाची जीभ शिवशिवते. ते वाक्य त्याला अर्ध्यावर टाकू द्यावे. समोरचा माणूस ते पुरे करील.

छिंदवाड्यास आदिवासी जीवनाचे संग्रहालय आहे. ते १९५४ साली सुरू झाले व पुढे त्यास स्वातंत्र्यसैनिक बादल भोई यांचे नाव देण्यात आले. आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मरणार्थ त्याचे नवे दालन नोव्हेंबर २०२४ मध्ये खुले झाले. तेथे दोन तास पुरे आहेत. मुलांस प्रत्येक कपाटापुढे टिपणे घ्यावयास लावू नये. एकच वस्तू निवडून तिच्याविषयी तेथील कर्मचाऱ्यास दोन प्रश्न विचारावेत, एवढे सांगावे.

रात्रीचा मुक्काम यजमान शाळेत करावा. धर्मशाळा किंवा लॉज मिळत असले तरी शाळाच बरी. सायंकाळी दोन्ही शाळांची मुले एकत्र स्वयंपाकास बसली, एकमेकांचे खेळ खेळली, म्हणजे जे होते ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत लिहिता येत नाही. लंगडी आणि लगोरी शिकवावयास व्याकरण लागत नाही, पण नियमावरून भांडण झाले की भाषा लागते, आणि भांडणात मूल जितके अस्खलित बोलते तितके निबंधात कधी बोलत नाही. स्वागताची लांबलचक भाषणे व हारतुरे मात्र टाळावेत. त्यात मुलांची झोपण्याची वेळ निघून जाते.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात पण निक्षून सांगणे अवश्य आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोकणात मुरूड येथे सहलीस गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडून गेले. त्यानंतर सहलींविषयीचे नियम कडक झाले, आणि पुष्कळ शिक्षकांनी सहल नकोच असे ठरविले. नियम कडक झाले हे योग्यच झाले. शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रे, मुलांची आरोग्यविषयक माहिती, प्रथमोपचाराची पेटी, यांपैकी एकही गोष्ट उरली असेल तर मोटार हलू नये. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. देवगडास जुन्या विहिरी व टाकी आहेत, पडके तट आहेत. बावड्यांचा गट मोठ्या माणसावाचून एक पाऊलही जाणार नाही, काठावर कोणी उतरणार नाही, पाण्याशी वाकणार नाही, हे निघण्यापूर्वी आणि तेथे पोहोचल्यावर असे दोनदा बजावावे. गट लहान असणे हीच मोठी सुरक्षितता होय. पाच मुलांतील एक दिसेनासे झाले तर चौघांना तत्काळ कळते. पंचेचाळिसांतील एक गेले तर ते पुढच्या मोजणीपर्यंत कळत नाही. हिवाळ्यात सातपुड्यावर थंडी नागपूरपेक्षा अधिक पडते. अंथरूण-पांघरूण कमी असलेल्या घरांतील मुलांसाठी चार घोंगड्या शाळेनेच सोबत घ्याव्यात.

ज्या शाळेस हेही झेपणारे नसेल तिने एका दिवसाची सहल करावी. सौंसरपर्यंत जाऊन बाजार व एक शाळा पाहून संध्याकाळी परत येता येते. तेही नसेल तर गावाजवळच्या वीटभट्टीवर, मालकाच्या परवानगीने, वर्ग न्यावा व तेथे राहणाऱ्या कुटुंबांशी तासभर बोलावे. परभाषेचा मुलूख कधी कधी गावकुसाबाहेर येऊन उतरलेला असतो.

परत आल्यावर मुलांस सहलीवर निबंध लिहावयास लावण्याची घाई करू नये. "आम्ही पहाटे लवकर उठलो" या वाक्याने सुरू होणारे चाळीस निबंध तपासण्यात शिक्षकांचा आठवडा जातो आणि मुलांचा आनंदही. त्याऐवजी आभाराची पत्रे लिहावीत, आणि ती वर्गाने वर्गास न लिहिता ज्याने ज्यास पाहिले त्याने त्यास लिहावीत: ज्या आजोबांनी बावड्यांची नावे सांगितली त्यांस, ज्या बाईंनी पेरू दिले त्यांस. गटांनी आणलेली उत्तरे वर्गात वाचावीत. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत तर फारच उत्तम. कोणाचे खरे हे विचारण्यासाठी पुन्हा पत्र लिहावे लागेल.

आणि यजमान शाळेस परतीचे आमंत्रण द्यावयाचे ते निघतानाच द्यावे, तारखेसह. मृगबहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार असतात. काटोल-नरखेडच्या शाळांस तोच काळ सोयीचा. पाहुण्यांस रामटेक दाखवावे, अजब बंगला दाखवावा. त्यांच्यासाठीही पाच-पाचांचे गट व प्रश्न असावेत. त्यांच्यासमोर हिंदी बोलण्याचा मोह या वेळी मुलांनी आवरावा. पाहुण्यांस लागतील अशी वीस मराठी वाक्ये मुलांनी आधीच निवडून हिंदी अर्थासह पत्राने पाठवून द्यावीत. पाणी कोठे आहे, हे केवढ्याला, मला भूक लागली, माझी चप्पल सापडत नाही. कोणती वीस वाक्ये हे मुलांनीच ठरवावे. परक्या गावी काय काय अडते हे तोपर्यंत त्यांस चांगले ठाऊक झालेले असेल.